सामुराईच्या खुर्चीत

१

माणसाच्या तोंडात खरोखर काय असतं, हे त्या कारागिराला रोज दिसायचं, आणि त्यामुळे माणसांविषयी त्याचं मत कधीचंच बनून गेलं होतं.

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचं माप घेऊन त्याच्याकडे धाडायचे. तो त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा आणि साच्यावर दात बसवून द्यायचा. एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, त्याची एका खोलीची कार्यशाळा होती. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर ओळीने पांढरे जबडे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेला नंबर. वकील, शिक्षिका, गायक, पुढारी, सगळे एकाच फळीवर, सगळे आ वासून. "बाहेर काय मिरवायचं ते मिरवा," तो म्हणायचा, "तुमचा खरा चेहरा माझ्या फळीवर आहे."

हे तो येईल त्याला ऐकवायचा. पहिल्यांदा लोक हसायचे, दुसऱ्यांदा विषय बदलायचे आणि तिसऱ्यांदा येतच नसत. त्याला त्याचं काही वाटत नसे. जे गळून पडतात ते मुळात किडलेलेच असतात, हा त्याचा धंद्यातला अनुभव होता.

अशा माणसाने दर रविवारी सकाळी चार जणांत बसून भुयाराचा खेळ खेळावा, हे नवलच. पण त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, टपाल वाटायचा आणि भलता चिवट होता. "दाजी, एकदा येऊन तर बघा," हे त्याने वर्षभर लावून धरलं. शेवटी बायको म्हणाली, "अरे, जाऊन ये ना एकदा. त्याचंही मन राहील."

तो गेला. कोणाचं मन राखायला नव्हे; आठवडाभर टिंगल करायला काहीतरी गवसेल म्हणून.

आणि गवसलंही. चाळिशी उलटलेली माणसं टेबलाभोवती बसून आपण भुयारात उतरलोय असं मानत होती. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसते कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे. एक निवृत्त ग्रंथपालबाई सांगणार, "समोर दार आहे, पलीकडून ओरखडल्याचा आवाज येतोय," आणि बाकीचे घाबऱ्या आवाजात ठरवणार की दार उघडायचं की नाही. मग फासा टाकायचा आणि काय होतं ते ऐकायचं. मेव्हणा चोर व्हायचा. एक नर्स होती, ती वैद्यीण व्हायची; दिवसभर इस्पितळात जखमा बांधायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा जखमाच बांधायच्या, तेवढीच तिची झेप. मनातल्या मनात त्याने तिघांची नावंही ठेवून टाकली: रद्दी, पाकीट आणि इंजेक्शन.

त्याला पात्र निवडायला सांगितलं तेव्हा तो नियमांचं पुस्तक चाळत राहिला. जादूगाराला राखणदार लागतो, चोराला अंधार लागतो, वैद्याला जखमी लागतात. प्रत्येकाला कोणी ना कोणी लागतंच. सामुराईच्या, म्हणजे जपानी तलवारबाजाच्या, पानावर मात्र लिहिलं होतं की पहिला वार त्याचा, आणि वार करताना तो कोणाची मदत मागत नाही.

"हा बरा आहे," तो म्हणाला. "या सगळ्या भिकारड्यांत हा एकटाच शहाणा दिसतोय."

२

तीन महिने त्याचा सामुराई भुयारातून चालला. चालला म्हणजे कापत सुटला. खोलीत शिरला की पहिला वार त्याचा, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याची गरजच पडत नसे. बाकीचे काय करताहेत याची त्याने कधी चौकशी केली नाही. चोराने कुलूप उघडायला वेळ लावला की तो घड्याळ बघायचा. वैद्यिणीने कोणावर पट्टी बांधली की म्हणायचा, "झालं का तुमचं समाजकार्य?"

ग्रंथपालबाई एवढंच म्हणायच्या, "ठीक आहे. सामुराई असं म्हणतो." आणि पुढे सांगू लागायच्या.

मग तो खड्ड्याचा रविवार आला. भुयाराच्या तिसऱ्या मजल्यावर फरशी खचली आणि वैद्यीण कडेला लटकली. खाली तळ दिसत नव्हता. चोर लांब होता. जवळ होता तो सामुराई.

"सामुराई काय करतो?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"खोली रिकामी आहे ना? मग पुढच्या दाराकडे चालतो."

"अहो, मी लटकलेय," नर्स म्हणाली. तिने हसण्याचा प्रयत्न केला. "हात द्या की."

"सामुराई हात देत बसत नाही. पुस्तकात तसं कुठे लिहिलंय दाखवा."

"चार वर्षं झाली हो मला ही वैद्यीण घेऊन," नर्स म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी खूप सांभाळलंय तिला."

"मग आता सोडा. कागदाची तर आहे. दुसरी करा, कागदाला काय तोटा?"

नर्सने पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. चाळीस माणसांचा वॉर्ड सांभाळणारी बाई कागदासाठी डोळे पुसते आहे, हे बघून कारागिराला इतकी किळस आली की तो उठलाच. ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या, "वैद्यीण अजून लटकलेली आहे. पुढच्या रविवारी इथूनच."

पुढच्या रविवारी तो गेला नाही. बायकोला मात्र सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर रविवारची सकाळ तिच्या माहेरच्यांत गेली असती. नेहमीच्या वेळेला घरून निघून तो कार्यशाळेत आला, दार आतून लावलं, टेबलावर पाय ठेवले आणि जबड्यांच्या संगतीत वर्तमानपत्र वाचत बसला. बऱ्याच वर्षांत इतकी चांगली सकाळ गेली नव्हती.

३

सोमवारी मेव्हणा टपाल घेऊन कार्यशाळेत आला. पत्रं टेबलावर ठेवून तो तिथेच घुटमळला.

"दाजी, काल तुम्ही मला रडवलंत."

"काल?"

"नर्सबाई तर जिना उतरेपर्यंत डोळे पुसत होत्या. म्हणजे माझा अजून विश्वास बसत नाही. वैद्यिणीसाठी स्वतःचा हात दिलात! डावा, कोपरापासून! आता पहिला वार गेला ना तुमचा? दोन्ही हातांशिवाय ती तलवार नीट चालत नाही."

कारागीर एक दाढ घासत होता. त्याने यंत्र बंद केलं. खोलीतली घरघर थांबली आणि बारीक पांढरी धूळ हवेत तशीच तरंगत राहिली.

"काल मी इथे होतो. या खुर्चीत."

मेव्हणा हसला. "बरं बाबा, इथे होतात. चांगलं काम केलं की लपवायचं, असं का? पण ताईला मी सांगणार आहे हां. तिला बरं वाटेल."

तो गेल्यावर कारागिराने विचार केला. विचार कसला, उलगडा तर समोरच होता. तो गेला नाही म्हणून त्यांनी त्याच्या सामुराईला स्वतःच नमवलं होतं, त्याचा हात तोडला होता, आणि आता टपालवाला निष्पाप चेहरा करून टोमणा मारायला आला होता. धडा शिकवताहेत म्हणे. आपल्याला धडा शिकवावा असं या तीन बुजगावण्यांना वाटलं, याचीच त्याला गंमत वाटली.

त्याने पुन्हा यंत्र सुरू केलं. एकच गोष्ट खटकत राहिली. मेव्हण्याला खोटं बोलता येत नसे. लहानपणापासून येत नसे. खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि आज ते झाले नव्हते.

४

आणखी दोन रविवार त्याने कार्यशाळेत काढले. दोन्ही सोमवारी मेव्हणा येऊन त्याचं कौतुक करून गेला. त्यानंतरच्या बुधवारी, दुपारी, कारागीर ग्रंथपालबाईंकडे गेला. आपला कागद परत घ्यायचा आणि दोन शब्द सुनवायचे, असं ठरवूनच गेला.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं; रविवारचा खेळ तिथेच चालायचा. दार उघडताच त्या मनापासून हसल्या. असं हसून त्याचं स्वागत करणारं माणूस त्याला आठवेना.

"या, या! आज मधल्याच वारी? बसा."

"बसायला आलो नाही. माझा कागद द्या. आणि ही जी काही थट्टा चालवलीय ना, ती..."

"बरं नाही का तुम्हाला?" त्यांनी मध्येच विचारलं. "आवाज वेगळा येतोय."

"आवाज माझाच आहे."

"असेल," त्या म्हणाल्या, पण फाटलेल्या पानाच्या पुस्तकाकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग फाइल काढून त्यांनी कागद समोर ठेवला.

सामुराईचाच कागद होता. वरच्या अर्ध्या भागात त्याचं नेहमीचं फराटे मारलेलं अक्षर, आणि खाली तीन रविवारच्या तीन तारखा. त्यांच्यापुढेही त्याचंच अक्षर होतं. 'ड'ची तीच मोडकी शेपटी, तोच उलटा काढलेला चार. फक्त घाई नव्हती. कोणीतरी आपल्यामागे वाचणार आहे हे ध्यानात ठेवून लिहिलं होतं. 'डावा हात गेला. वैद्यीण वाचली.' मग 'पाणी चोराला दिलं.' मग 'आज लढाई झाली नाही. बोलून भागलं.'

"कोणी लिहिलंय हे?"

"म्हणजे काय? तुम्हीच."

अक्षर गिरवता येतं, त्याने स्वतःला बजावलं. ग्रंथपालाचा जन्म अक्षरं बघण्यात गेलेला असतो. तेवढ्यात खुर्चीत बसल्याचं त्याच्या लक्षात आलं. ती त्याचीच खुर्ची होती, टेबलाच्या या टोकाची. तीन महिने ती डुगडुगायची आणि त्यावरून त्याने बाईंना भरपूर ऐकवलं होतं. आता ती हलत नव्हती.

"पाय बसवून घेतलात वाटतं," तो म्हणाला.

"चेष्टा करता होय? तुम्हीच तर बसवलात. खिशात घेऊन आला होतात ते काय ते."

तो खाली वाकला. मागच्या पायाच्या चिरेत गुलाबी रंगाचा लेप भरला होता. कवळीच्या हिरड्या करायला तो जे वापरायचा तेच ते. दुकानात मिळत नाही. लेप असा घासून गुळगुळीत केला होता की बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपतं तेही कळू नये. स्वतः त्याने इतकं सुबक काम गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. कोणासाठी करायचं?

"रविवारी येताय ना?" त्याला दारापर्यंत सोडताना बाईंनी विचारलं. मग काहीसं अडखळत म्हणाल्या, "बरं वाटत असेल तरच या हं. असे नका येऊ."

५

शुक्रवारी दुपारी दातांच्या दवाखान्यातून खोका आला. त्यात सहा मापं होती, प्रत्येकाला चिठ्ठी अडकवलेली. पाच कवळ्यांची. सहाव्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'झोपेत दात खाण्यावर. वरच्या दातांसाठी पारदर्शक खोळ.' आणि नाव त्याचं स्वतःचं होतं.

त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"नाव चुकलंय तुमच्याकडून."

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मंगळवारी तुम्हीच आला होतात की. घरी झोपेत दात खातो, बायकोची झोपमोड होते, म्हणालात. मी म्हटलं, इतकी वर्षं आपलं काम चालतंय आणि तुम्ही आज पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसताय. शिवाय बाहेर थांबलेल्या म्हातारबाईंना रांगेतला तुमचा नंबर दिलात. फार बरं वाटलं मला."

त्याने फोन ठेवला. मंगळवारी तो दिवसभर या खोलीत होता. फळीवरचे सगळे जबडे त्याला साक्षीदार होते.

त्याने मापात प्लास्टर ओतलं आणि थांबला. प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात त्याने नळ घट्ट केला, केर काढला, एकदा दाराची कडीही तपासली. मग साचा सोडवून दिव्याखाली धरला.

पुढचा डावा दात टोकाशी टवका उडालेला. त्याच्याशेजारचा सुळा आत वळलेला, जणू रांगेत मागून घुसलेला. मागची एक दाढ नाही. तो आरशासमोर गेला आणि ओठ वर केला. टवका, सुळा, रिकामी जागा. सगळं जिथल्या तिथे.

तरीही काहीतरी चुकत होतं आणि काय ते त्याला कळेना. मग त्याने जे वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. रबरी वाटीत माप घ्यायची पूड कालवली, पत्र्याच्या साच्यात भरली आणि स्वतःच्या तोंडात दाबून धरली. लाळ गळत, डोळ्यांत पाणी येत, घड्याळाकडे बघत तो मिनिटं मोजत उभा राहिला. दुसरं कोणी असं उभं दिसलं असतं तर त्याला त्याची कीव आली असती.

आणखी पाऊण तासाने दोन साचे टेबलावर शेजारी शेजारी उभे होते.

दात तेच होते, पण त्याच्या साच्यातल्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, पाट्यासारख्या. वर्षानुवर्षं रात्री त्याने दात खाल्ले होते. कोणाकोणावर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या साच्यातल्या दाढांवरचे उंचवटे मात्र शाबूत होते, टोकदार, कोवळ्या वयात असतात तसे. ते तोंड त्याचंच होतं. त्या तोंडाने कधीच कोणावर दात खाल्ले नव्हते.

अक्षर गिरवता येतं. लेप चोरता येतो. पण हे कोण घडवणार? असं काम येणारा या गावात तो एकटाच होता.

६

घरी गेला तेव्हा बायको बाल्कनीतले कपडे काढत होती. नऊ वर्षांचा संसार. हल्ली दोघांत बोलणं असं उरलं नव्हतं. ती विचारायची, तो उत्तर द्यायचा आणि उत्तरानंतर तिला पुढे काही विचारावंसं वाटत नसे. आज ती त्याला बघून थांबली.

"डॉक्टरकडे जाऊन आलास म्हणे. दादाने सांगितलं, त्याला तू जिन्यावर भेटलास." धाकटा असला तरी भावाला ती लाडाने दादाच म्हणायची. "दोन वर्षं मागे लागले होते मी."

तो खुर्चीवर बसला.

"तुला एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "रागावू नकोस. गेल्या रविवारी मी आले होते. तुझा खेळ बघायला. दादा इतकं सांगायचा, मला खरं वाटेना."

"कुठे आली होतीस?"

"अरे, असं काय करतोस? मला दारात बघून तू उठून उभा राहिलास. खुर्ची ओढून दिलीस. सगळ्यांना म्हणालास, 'ही माझी बायको, हिला सगळं नीट समजावून सांगा.'" तिने हातातल्या शर्टाची उगाच घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. "मी तिथे धड बसूसुद्धा शकले नाही. बाहेर येऊन जिन्यात रडले."

तो मी नव्हतो, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तिचा चेहरा त्याने पाहिला. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तो चेहरा त्याला दिसला नव्हता. आणि तो त्याच्यासाठी नव्हता.

"तो खेळ असतो," तो म्हणाला. "तिथे नाटक करायचं असतं."

"मग घरीही तेच नाटक कर ना," ती म्हणाली. "मला चालेल."

त्या दिवशी तो अंथरुणावर पडला तेव्हा जबडा आवळला जाऊ नये म्हणून दातांत रुमाल धरून झोपला. सकाळी उठला तेव्हा रुमालाला भोकं पडली होती.

७

रविवारी बायको भावाबरोबर लवकरच गेली. तिलाही पात्र मिळालं होतं, ती धनुर्धर झाली होती. निघताना ती त्याला म्हणाली, "तू ये मागाहून," आणि दारातूनच परत वळून त्याच्याकडे जरा विचित्र बघून गेली, जणू काही विचारायचं होतं आणि विचारलं नाही.

तो अकराच्या सुमारास निघाला. लख्ख ऊन होतं. ग्रंथपालबाईंच्या घराच्या पायऱ्या चढताना त्याने मनाशी सगळी जुळणी केली. मेव्हणा नकला चांगल्या करतो. डॉक्टरीणबाई त्यांच्यात सामील असतील. साचा कानशीने कोरता येतो, मेहनत घेतली तर. बायकोचं रडणंही खोटं असेल. म्हणजे पाच माणसं महिनाभर खपून एवढा खटाटोप करताहेत, आणि कशासाठी, तर तो चांगला वागावा म्हणून. हे इतकं हास्यास्पद होतं की दुसऱ्या मजल्यावर थांबून तो कठड्याला टेकला. हसू काही आलं नाही. आणखी काही कारण सापडतं का, ते तो शोधत राहिला.

वरून आवाज येत होते. खुर्ची सरकली. कप बशीवर ठेवला गेला. ग्रंथपालबाई सांगत होत्या, "भुयार इथे अरुंद होतं. एका वेळी एकच जण जाऊ शकेल." नर्स काहीतरी म्हणाली. मग त्याची बायको हसत म्हणाली, "मी नाही बाई आधी जाणार."

आणि मग तो आवाज आला.

कार्यशाळेच्या फोनवर त्याने स्वतःचा निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. तो एकदा ऐकून त्याला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली होती. हा आवाज तोच होता. फक्त त्यातली कड गेली होती, तासून काढल्यासारखी.

"सामुराई बाजूला उभा राहतो," आवाज म्हणाला. "आधी तुम्ही सगळे जा. मी मागे बघतो."

कुठल्याही क्षणी मेव्हणा आपल्या मूळ आवाजात बोलेल आणि सगळे खिदळतील, म्हणून कारागीर थांबला. मेव्हणा बोललाही. "दाजी, तुम्ही आहात म्हणून हिंमत होते बघा," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला त्या दुसऱ्या आवाजाने उत्तर दिलं. दोन्ही आवाज एकमेकांवर आले. एका तोंडातून ते निघणं शक्य नव्हतं.

तेव्हा तो उरलेल्या पायऱ्या धावतच चढला आणि दार ढकललं.

८

टेबलाभोवती चौघं बसले होते. ग्रंथपालबाई, नर्स, मेव्हणा, बायको. टेबलाच्या या टोकाची खुर्ची मागे सरकवलेली होती. तिच्यासमोर अर्धा प्यालेला चहा होता, अजून वाफ येत होती.

"इतक्यात आलात हात धुऊन?" नर्स हसून म्हणाली. "बसा, तुमचाच फासा आहे."

चौघंही त्याच्याकडे बघत होते, आणि इतक्या माणसांनी एकाच वेळी आनंदाने आपल्याकडे बघावं याची त्याला सवय नव्हती. क्षणभर, फक्त क्षणभर, बसावं असं वाटलं. काय बिघडणार होतं?

पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "हा काय तमाशा लावलाय? कोण होतं इथे? आणि तू," तो बायकोकडे वळला, "तुला तरी लाज वाटायला हवी होती. या भिकार लोकांत बसून..."

हसू आधी नर्सच्या चेहऱ्यावरून गेलं. मग ग्रंथपालबाईंच्या. मेव्हण्याने मान खाली घातली. कोणी रागावलं नाही. चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाला कसं सांगावं हे न सुचल्यासारखे ते सगळे संकोचून बसले.

त्या शांततेत आतून पाण्याचा आवाज ऐकू आला. मघापासून येत असावा. कोणीतरी नळाखाली हात धूत होतं. सावकाश, नीट. मग नळ बंद झाला.

खोलीतून आत जाणाऱ्या दाराला जाड पडदा होता आणि कारागीर नेमका त्या पडद्यासमोर उभा होता. आतून पावलं आली. अनवाणी, हलकी. पडद्यापलीकडे येऊन ती थांबली.

पडदा हलला नाही. कोणी तो ओढला नाही. पलीकडे जे होतं ते नुसतं उभं राहिलं, आणि ते का उभं आहे हे कारागिराला हळूहळू उमगलं. ते त्याने निघून जाण्याची वाट बघत होतं. तो खोलीत आहे तोवर आत येऊन त्याला ओशाळवाणं करायचं नव्हतं.

पडदा आणि चौकट यांच्यात चार बोटांची फट होती. त्याने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. एक खांदा. ओला, पुसत असलेला हात. मान झुकवलेली होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. दिसला तो मानेचा मागचा भाग. स्वतःची मान माणसाला मागून कधी दिसत नाही. तरी कोणीही न सांगता त्याला ती ओळखू आली.

"बघताय ना तुम्ही?" तो चौघांना म्हणाला. "अरे, बघा तरी! मी इथे आहे आणि तिथे..."

बायको खुर्चीवरून उठली. ती जवळ आली. घाबरलेली नव्हती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि जे बघायचं होतं ते बघून झाल्यासारखी एक पाऊल मागे सरकली.

"तुम्ही जरा बाजूला होता का?" ती म्हणाली. "त्याला यायला वाट नाहीये."

नऊ वर्षांत तिने त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं. आयुष्यभर त्याला शब्द कमी पडले नव्हते. तो बाजूला झाला, भिंतीला लागून, तोंड भिंतीकडे करून. पडद्याच्या कड्या वाजल्या. त्याच्या पाठीमागून कोणीतरी गेलं, इतकं जवळून की शर्टाला शर्ट लागला, आणि जाता जाता अगदी हळू आवाजात "माफ करा" म्हणालं.

खुर्ची पुढे ओढली गेली. तिने आवाज केला नाही.

"तर," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सामुराई काय करतो?"

फासा टेबलावर घरंगळत गेला, थांबला. आकडा काहीतरी गमतीचा आला असावा, कारण चौघं एकदम हसले. आणि मग, किंचित मागून, पाचवं हसू आलं. कारागीर भिंतीकडे तोंड करून ते ऐकत राहिला. आवाज त्याचाच होता, त्याबद्दल आता शंका उरली नव्हती. पण ते हसणं कोणावरच नव्हतं.